दीडपट

अगं,

तुझा मेसेज आला तेव्हा मी गवार मोडत बसलो होतो. "काका, 'संत तुकाराम' पाहिला. दीडच्या स्पीडवर. तरी स्लो वाटला." त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा, आणि त्याखाली शंभर चित्रपटांची यादी, यातले आधी कुठले पाहू म्हणून. उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते मेसेजात मावेना. म्हणून हे पत्र.

रागावलो नाही. खरं सांगायचं तर पाचेक मिनिटं रागावलो. मग हसू आलं, कारण तू आकडा अगदी नेमका निवडलास.

दादासाहेब फाळक्यांच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण सोळा. हाताचं काम, त्यामुळे दोन-चार इकडेतिकडे. पुढे बोलपट आले. आवाज पट्टीत राहायचा तर वेग एकसारखा हवा, म्हणून चोवीस ठरले. नंतर जुने मूकपट याच यंत्रांवर चढवले गेले. सोळाचा माल, चोवीसचा वेग. भागाकार कर. दीड! त्यामुळे आमच्या पिढीची पक्की समजूत होती की १९१३ साली माणसं तुरुतुरु चालायची आणि रडतानासुद्धा घाईत असायची. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती, म्हणजे अण्णा साळुंके, पडद्यावर लगबगीनं यायची आणि आम्ही पोरं खिदळायचो. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या या माणसाला लुगडं नेसवलं. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तोच झाला! एवढं धाडस केलेल्या माणसाला आम्ही हसलो, आणि चूक होती मशीनच्या वेगाची. तू तुकोबांवर तोच प्रयोग केलास, फक्त जाणूनबुजून.

आता 'संत तुकाराम'. १९३६ चा, प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. हे तुझ्या यादीत लिहिलेलं असणारच. यादीत नसतं ते सांगतो. पोर आजारी आहे, घरात काही नाही, आणि जिजाई पायताण हातात घेऊन देवळात जाते. थेट विठोबासमोर. गौरीचं ते काम पाहा. ती अभिनय करतेय असं कुठे वाटतच नाही, शेजारची बाई भांडायला निघालीय असं वाटतं. अख्खा सिनेमा मला त्या दोघांच्या दोन वेगांवर उभा दिसतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम संथ आहे, त्याचं लक्ष भलतीकडे. जिजाईला थांबायला सवड नाही, म्हैस आहे, चूल आहे, पोरं आहेत. दीडपट केलंस की तुकाराम जिजाईच्या वेगानं चालायला लागतो आणि जिजाई नुसता कलकलाट होते. मग दोघांमधलं भांडणच उरत नाही. तुला तो 'स्लो' वाटला, कारण तू त्यातला वेगवान माणूसच घालवून बसलीस.

(जाता जाता: त्यातलं 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, गीतकार शांताराम आठवल्यांचं आहे. भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला होता.)

एवढं सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, म्हणून माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. 'कोर्ट' आला तेव्हा मी पहिल्या आठवड्यात गेलो. व्हेनिसला दोन पारितोषिकं, राष्ट्रीय पुरस्कार, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा तिशीचाही नव्हता. मध्यंतरात मी बायकोला म्हणालो, "कॅमेरा ठेवून हा पोरगा चहाला गेलाय." शाहिरावरचा खटला पुढे सरकायची मी वाट पाहत होतो, आणि पडद्यावर मधेच दुसरीच केस. एका बाईनं बिनबाह्यांचं घातलंय म्हणून तिची सुनावणी पुढे ढकलली जाते. मला वाटलं, हे कशाला? सरकारी वकील असलेली गीतांजली कुलकर्णी लोकलनं घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाक करते. मला वाटलं, हे कशाला?

दोनेक वर्षांनी घरी पुन्हा लावला. त्या दिवशी मी एका जमिनीच्या तारखेहून आलो होतो. सकाळी अकरापासून बाकावर बसून चारला 'पुढची तारीख'. संध्याकाळी तोच सिनेमा पाहिला आणि मान खाली गेली. कॅमेरा चहाला गेलेला नव्हता. तो बाकावर बसला होता, माझ्याच शेजारी. त्या बाईची केस कशाला हे तेव्हा कळलं, शाहिराची केस ज्या टेबलावर पडून आहे त्याच टेबलावर तीही आहे. शेवटी सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक मालवतात, पडदा काळा होतो, आणि तरीही सिनेमा संपत नाही. पुढचं सांगत नाही. पाहा. एकपटीनं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. दिग्दर्शक आपल्याला गोष्ट देतो ती देतोच, पण त्याहून जास्त तो वेळ देतो, मोजून मापून. कुठे किती थांबायचं हे त्यानं ठरवलेलं असतं. गोष्ट तुला विकिपीडियावर दोन मिनिटांत मिळेल.

'फँड्री'तला तो प्रसंग तू पाहिलायस, मला माहीत आहे. जब्याचं घर डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर कशाला उभं राहतंय? राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. दीडपट केलं तर पस्तीस होतील. पण नागराज मंजुळेनं तिथं जे केलंय ते त्या उभं राहण्याच्या लांबीतच आहे. आपल्याला हसू येतं, मग हसू अवघडतं, मग आपण त्या पोराच्या बापाकडे बघायचं टाळतो. घाई केलीस तर पहिल्या हसण्यावरच प्रसंग संपेल.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणालो असं कुणाला सांगू नकोस. माझ्या तरुणपणी आम्ही इतका रद्दी माल पाहिलाय की विचारू नकोस. पाटील, त्याचा मुनीम, फडावरची बाई, आणि शेवटी सगळ्यांना एकदम आलेली सद्बुद्धी. ते विसरलं गेलं ते बरंच झालं. पण चाळणी नेहमी गुणाचीच लागते असं नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, आज उरलेत तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म, ठिणगी पडायचा अवकाश. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली त्यात किती जुन्या रिळांची राख झाली. म्हणून हाती आहे ते नीट बघ, एवढंच.

यादीतले सत्याण्णव खोडून टाक. तीन ठेव, कुठलेही. प्रत्येक दोनदा बघ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आणि जुना सिनेमा टीव्हीच्या रुंदीला ताणू नकोस. तो जवळजवळ चौकोनीच होता, ताणला की नायिका जाडी होते आणि घोडा कुत्र्यासारखा दिसतो. पुण्याला चित्रपट रसास्वादाचा कोर्स असतो, सुट्टीत जमलं तर कर. न जमलं तरी बिघडत नाही.

तीनमधला एक मात्र माझ्याकडून: 'कुंकू', १९३७, शांतारामबापूंचा, म्हणजे व्ही. शांतारामांचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा, शांता आपटे. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. म्हाताऱ्याच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याची टिकटिक दीडच्या वेगानं ऐकून बघ एकदा, मी नाही म्हणत नाही. मग बरोबर वेगानं ऐक.

आमच्या गावच्या टॉकीजचा ऑपरेटर मला केबिनमध्ये बसू द्यायचा. दोन मशीनं, आत कार्बनच्या कांड्या जळतायत, उकाडा असा की तो कायम बनियनवर. एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, सात-आठ सेकंदांनी दुसरा, आणि त्या क्षणी तो दुसऱ्या मशीनवर उडी घ्यायचा. खाली आठशे माणसांना पत्ता नसायचा. सिनेमा कसा बघायचा हे मी त्याच्याकडून शिकलो, कारण त्याला पडद्यावरून नजर हलवायची परवानगीच नव्हती.

जुन्या प्रतीवरून केलेल्या कॉपीत तो ठिपका अजून कधी कधी दिसतो. 'कुंकू' लावशील तेव्हा उजव्या कोपऱ्यात वर लक्ष ठेव. दिसला तर कितव्या मिनिटाला ते कळव. दीडपटीतली मिनिटं चालणार नाहीत.

गवार करपली. तुझ्या काकूला हे पत्र दाखवू नकोस.

तुझा,
काका