उपग्रहात हवाच नसते, मग पंख्याशिवाय हीट पाइप आतलं इलेक्ट्रॉनिक्स थंड कसं ठेवतो? आणि एवढा भारी असेल तर विमानात सगळीकडे का नाही वापरत?

हीट पाइप थंड करत नाही हो, तो फक्त उष्णता इकडून तिकडे नेऊन टाकतो. तिकडे गेल्यावर तिची विल्हेवाट लावायचं काम दुसऱ्याचं. हे डोक्यात पक्कं बसलं की तुमचे दोन्ही प्रश्न बरेच सुटतात. मी थर्मल डिझाइनमध्ये आहे, सध्या पुण्यात, आधी बंगळुरात विमानात बसणारे इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजूंनी बंद केलेली एक नळी घ्या, आतली हवा काढून टाका, थोडंसं द्रव भरा आणि आतल्या भिंतीला वात लावा. वात म्हणजे अगदी समईची वात असते तसंच काम, फक्त इथे ती धातूची जाळी, भट्टीत एकमेकांना चिकटवलेली तांब्याची पावडर किंवा भिंतीतच कोरलेले बारीक खाचे अशी असते. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे परत पाणी होऊन उष्णता सोडते आणि ते पाणी वातीतून आपोआप मागे येतं, समईत तेल ज्योतीकडे चढतं तसं. ना पंप, ना मोटर, ना वीज. 100 वॅट उष्णता न्यायला मिनिटाला जेमतेम अडीच ग्रॅम पाण्याची वाफ पुरते आणि तेच पाणी फिरून फिरून वापरलं जातं म्हणून लॅपटॉपमधल्या पाइपात दोन-चार थेंबांवर भागतं.

आता लोक विचारतात की तांब्याचा जाड दांडा टाकला तर काय बिघडलं. तर हिशोब करा. 12 मिमी जाडीचा, एक मीटर लांब तांब्याचा दांडा, त्यातून 100 वॅट न्यायचे, तर दोन टोकांच्या तापमानात साधारण 2200 अंशांचा फरक लागेल, आणि तांबं 1085 ला वितळतं! तेवढ्याच जाडीचा, आत पाण्याऐवजी अमोनिया भरलेला हीट पाइप हेच काम काही अंशांच्या फरकात करतो, वर वजनालाही हलका.

तर उपग्रह. तिथे उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग, रेडिएशन, म्हणजे ती किरणांच्या रूपात सोडून देणं. 27 अंशांवर ठेवलेला चांगला रेडिएटर, म्हणजे असे किरण सोडणारा पृष्ठभाग, चौरस मीटरला साधारण 400 वॅट अवकाशात फेकतो, म्हणजे चार किलोवॅटला दहा चौरस मीटर पृष्ठभाग आला. भूस्थिर दळणवळण उपग्रहात उत्तर आणि दक्षिण बाजूच्या भिंती यासाठी वापरतात कारण तिथे ऊन नेहमी तिरकं पडतं. पण सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर भिंतीच्या एका कोपऱ्यात तापणार आणि बाकी भिंत गार राहणार, मग एवढ्या मोठ्या भिंतीचा उपयोग काय? म्हणून भिंतीच्या हनीकोम्ब पॅनलमध्येच (आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं ते) ॲल्युमिनियमचे, अमोनिया भरलेले पाइप पुरतात, ते उष्णता सगळ्या भिंतीभर पसरवतात. आपल्या इस्रोच्या जीसॅट उपग्रहांमध्येही हीट पाइप असतात. पाणी का नाही, तर एक म्हणजे गोठतं, आणि दुसरं म्हणजे ॲल्युमिनियमशी त्याचं जमत नाही, हायड्रोजन तयार होतो, तो थंड टोकाला साचून बसतो आणि पाइपचा तेवढा भाग बाद. अमोनिया उणे 78 च्या आसपास गोठतो.

हे काही कालपरवाचं नाही. जनरल मोटर्सच्या गॉगलरचं पेटंट 1944 चं, पण तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने तीच गोष्ट स्वतंत्रपणे करून दाखवली आणि हीट पाइप हे नाव दिलं, 1967 मध्ये पहिला पाइप कक्षेत जाऊन आला... म्हणजे गेला, आला नाही.

पंप नसण्याचा फायदा कळायला स्पेस स्टेशन बघा. तिथला उष्णतेचा पसारा फार मोठा म्हणून अमोनिया पंपाने फिरवतात. 2010 मध्ये पंप बिघडला तर तो बदलायला अंतराळवीरांना तीन वेळा बाहेर जावं लागलं. मानव नसलेल्या उपग्रहावर कोण जाणार बदलायला?

आता विमान, इथे खरी गोची आहे. वातीची ताकद मर्यादित असते. अवकाशात द्रवाला वजनच जाणवत नाही म्हणून साधे खाचेही मजेत चालतात, जमिनीवर मात्र तोच खाचेवाला अमोनियाचा पाइप गरम टोक काही मिलिमीटर वर गेलं तरी रुसतो, त्यामुळे उपग्रहाची टेस्ट करताना पाइप लेव्हलमध्ये आहेत ना हे बघत बसावं लागतं. लढाऊ विमान वळताना तर 9 जी पर्यंत जातं, म्हणजे द्रव नऊ पट जड, वात काय करणार! थोडे सेकंद धातूच ती उष्णता पिऊन घेतो म्हणून निभावतं. शिवाय 11 किलोमीटर उंचीवर बाहेर उणे 56 असतं, पाण्याचा पाइप गोठतो. पाणी कमी आणि वातीत मुरलेलं असल्याने तो सहसा फुटत नाही, पण वितळेपर्यंत कामही करत नाही. आणि विमानात हवा फुकट मिळते, पंखा लावून काम होतं, त्यामुळे हीट पाइप मुख्यतः बंद डब्यांच्या आत, चिपपासून डब्याच्या भिंतीपर्यंत, एवढाच दिसतो.

आमचाच किस्सा सांगतो. डब्याच्या तळपट्टीत 6 मिमीचे तांब्याचे पाइप दाबून बसवले होते. टेबलावर आडवा ठेवून दुपारभर चालवला, प्रोसेसर 62 अंशांवर शांत. दुसऱ्या दिवशी व्हायब्रेशन टेस्टसाठी डबा पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरवर उभा बांधला, प्रोसेसर वरच्या बाजूला, आणि चहा येईपर्यंत 78, 85, 94, कार्ड स्वतःहून बंद. आम्ही शहाणे, दोनदा उघडून थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नीट पुढे जावी म्हणून लावतात तो लेप, नव्याने लावली. शेवटी आमच्याकडचे एक जुने टेक्निशियन आले, काही न बोलता डबा उलटा बांधला, आणि आकडा डोळ्यांदेखत खाली यायला लागला. एक पाइप हॅकसॉने कापला तर आत पावडरची वात नाहीच, कंगव्याच्या दातांसारखे खाचे! लवकर मिळतात म्हणून परचेसने खाचेवाले मागवले होते, ड्रॉइंगवर वातीचा प्रकार लिहायला मीच विसरलो होतो. नवे पाइप यायला सहा आठवडे लागणार होते, तोपर्यंत आम्ही डब्यावर बाण काढून ‘ही बाजू वर’ असा स्टिकर लावला, फ्रिजच्या खोक्यावर असतो तसा.