बडोद्यात समुद्र नाही, मग इथे राहून सागरी कायद्याची वकिली आणि पुढे अशा वादांत मध्यस्थी करता येईल का?
येईल की! समुद्र जहाजाला लागतो, वकिलाला हायकोर्ट. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने जहाजांबाबतचे सागरी दावे ठरावीक हायकोर्टांकडेच दिलेत, त्यांत गुजरातचं आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातून अहमदाबादचं हायकोर्ट दोनेक तास.

गंमत अशी, की दावा थेट जहाजावरच लावता येतो. खलाशांचा पगार थकला, इंधनाचं बिल बुडालं, की जहाजालाच अटक! वॉरंट चक्क जहाजावर चिकटवतात. मालकाने जामीन भरला की सुटका. उभ्या जहाजाचा खर्च रोज चढतो, म्हणून माणसं तडजोडीला लवकर येतात. मध्यस्थाचं काम निघतं ते तिथेच. पण आधी आठ-दहा वर्षं कोर्टात घासा, मग मध्यस्थी.

एलएलबी सयाजीराव विद्यापीठातून, पुढे गांधीनगरची मेरीटाइम युनिव्हर्सिटी आहेच. चार्टरपार्टीचे, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचे, करार आत्तापासून वाचायला घ्या. झोप येते, सांगून ठेवतो.