कर्णबधिर भावाच्या नावावर दुकान आणि घरातला वाटा होतो का? (रावेर)

हो, दोन्ही होतं. ‘बहिऱ्या-मुक्याची सही चालत नाही’ हे तुमच्या काकांचं म्हणणं चूक आहे. करारासाठी १८७२च्या कायद्याला माणूस सज्ञान आणि मनाने ठीक लागतो, कानाचा त्यात संबंधच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १३ तर स्पष्टच सांगतं: मालमत्ता बाळगणं, वारसाने मिळवणं, पैशाचे व्यवहार स्वतः बघणं, बँकेचं कर्ज, सगळ्यात बरोबरीचा हक्क. वडिलोपार्जित घराचं म्हणाल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शारीरिक व्यंगावरून कोणाचा वाटा जात नाही. (१९५६चा कायदा आहे हा, काकांच्या कानावर अजून आलेला दिसत नाही.) मी जळगावात दस्तलेखनाचं काम करतो, ही शंका दर दोन-चार महिन्यांनी येतेच.

केळीच्या खोक्यांची आणि लग्नपत्रिकांची डिझाइनं तुमचा भाऊ स्वतः करतो, गिऱ्हाइकाशी लिहून बोलतो, मग दुकानही त्याच्याच नावावर घ्या. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. दिव्यांग महामंडळाचं कर्ज हवं असेल तर मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल.

एक सांभाळा. वाटणीच्या दस्ताच्या वेळी खुणांनी समजावणारा माणूस काका किंवा तुम्ही स्वतः नको. ज्याचा हितसंबंध आहे त्याने त्या व्यवहारात मदतनीस होऊ नये, असं दिव्यांग हक्क कायद्याच्या त्याच कलम १३ मध्ये आहे. सांकेतिक भाषा जाणणारा तिऱ्हाईत, नाहीतर त्याच्या शाळेतले जुने गुरुजी बघा, आणि मसुदा त्याला आधी घरी वाचायला द्या.