भविष्यातला पाना आणि त्याचे नाव

विचारणा अशी आहे: विज्ञानकथेवर आधारलेला, भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ मराठीत रचला जात असून त्यात एक खेळाडू अंतराळयानाचा मेकॅनिक होतो. त्याच्या पेटीतल्या भविष्यकालीन हत्यारांसाठी प्रश्नकर्त्याने नावांच्या दोन याद्या करून पाहिल्या आहेत. पहिलीत ‘लेसर-पाना’, ‘क्वांटम-पक्कड’, ‘नॅनो-हातोडी’ अशी नावे आहेत. दुसरीत ‘किरणावर्तक’, ‘सूक्ष्मसंधानक’ यांसारखी संस्कृत घडणीची. यांतली कोणती मराठीला शोभतील, आणि नियमपुस्तिकेत या वस्तूंना ‘हत्यारे’ म्हणावे की ‘अवजारे’, असे त्यांना विचारायचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. सुताराच्या पेटीत असते ते हत्यार आणि सैनिकाच्या हातात असते तेही हत्यारच. या शब्दाचा ‘हत्ये’शी संबंध नसून ‘हाता’शी आहे, त्यामुळे दोन्ही अर्थ त्यात पहिल्यापासून सुखाने नांदतात. खेळाच्या नियमांत मात्र हे नांदणे अडचणीचे ठरेल, कारण एखाद्या तक्त्यात ‘हत्याराने होणारी इजा’ असा रकाना आला की मेकॅनिकचा पाना त्यात मोडतो की नाही, यावर वाद सुरू होईल. म्हणून नियमांत ‘अवजार’ आणि ‘शस्त्र’ अशी स्वच्छ विभागणी करावी. ‘अवजार’ म्हटले की शेतीची आठवण होते, ही त्या शब्दाची छटा खरी आहे, पण ती तक्त्यात बाधत नाही. पात्रांच्या तोंडी मात्र ‘हत्यार’च ठेवावे. पहारेकरी ‘हत्यारे खाली ठेवा’ असे दरडावतो आणि मेकॅनिक निमूटपणे पक्कड जमिनीवर ठेवतो, ही गंमत दुसऱ्या कोणत्याही शब्दातून साधणार नाही.

आता नावांकडे. दोन्ही याद्यांत मला एकच उणीव दिसते. ही नावे हत्यारात कोणती ऊर्जा किंवा कोणते तंत्र आहे ते सांगतात, पण हाताने काय करायचे ते सांगत नाहीत. मराठीतली हत्यारांची जुनी नावे बहुधा हाताच्या हालचालीशी बांधलेली असतात. ‘करवत’ म्हटले की मागेपुढे ओढणे आले, ‘छिन्नी’ म्हटले की तिच्या डोक्यावर घाव घालणे आले, ‘कातर’ म्हटले की दोन पाती आली आणि ‘कानस’ म्हटले की घासणे आले. म्हणूनच ‘प्रकाश-करवत’ हे नाव ऐकायला बरे वाटले, तरी किरणाने धातू कापताना कोणी हात मागेपुढे करत नसल्यामुळे ते डोळ्यांपुढे काहीच उभे करत नाही. किरणाचे टोक धातूवरून एकदाच रेघेसारखे ओढायचे असेल, तर ‘चिरणे’ हे क्रियापद त्या हालचालीच्या अधिक जवळचे आहे.

ऊर्जादर्शक उपपदाविषयी आणखी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. एखादी नवी वस्तू रुळेपर्यंतच असे उपपद तिच्यामागे टिकते. ‘आगगाडी’तली आग बोलण्यातून केव्हाच गळाली आणि ‘गाडी’ उरली. घरोघरी वीज आल्यावर ‘विजेचा दिवा’ नुसता ‘दिवा’ झाला. ज्या यानात प्रत्येक पाना लेसरवर चालतो, त्या यानात ‘लेसर-पाना’ असे कोणीही म्हणणार नाही. तिथे उलट घडेल: नवा तो नुसता ‘पाना’ होईल आणि पेटीच्या तळाशी पडलेल्या, निव्वळ मनगटाच्या जोरावर फिरवायच्या जुन्या पान्याला ‘हातपाना’ असे वेगळे नाव पडेल. खेळात एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ‘वीज गेली, हातपाना काढ’ एवढेच म्हटले, तरी तो काळ आपोआप उभा राहतो, आणि नियमपुस्तिकेतला परिच्छेदभर खुलासा टळतो.

संस्कृत घडणीच्या शब्दांना माझा सरसकट विरोध नाही. मराठीने या बाबतीत स्वतःच एक वाटणी करून ठेवली आहे. मोजण्याची आणि पाहण्याची उपकरणे पुस्तकांतून आली, म्हणून ‘तापमापक’, ‘सूक्ष्मदर्शक’ असे शब्द त्यांना चिकटले आणि शोभलेही. ठोकण्या-आवळण्याची हत्यारे कारखान्यातून आली, म्हणून त्यांची नावे तद्भव किंवा उसनी राहिली. वेल्डिंगसाठी परिभाषेत ‘वितळजोडकाम’ हा अर्थाला चोख शब्द आहे, तरी कामावरचा माणूस ‘वेल्डिंग मारतो’. तेव्हा प्रारण (रेडिएशन) मोजणाऱ्या उपकरणाला खेळात खुशाल ‘प्रारणमापक’ म्हणावे. पण गळती सुरू असताना ‘सूक्ष्मसंधानक आण’ असे ओरडणारे पात्र माझ्या तरी कानांना पटत नाही.

तर मग नवे शब्द घडवायचे कसे? त्यासाठी आधी त्या यानात काय बिघडते ते ठरवावे लागते, आणि ते ठरवायला कल्पनाशक्तीइतकीच उपयोगाची आहे ती प्रत्यक्ष अंतराळात काम केलेल्यांची अडचण. वजनरहित अवस्थेत पाना फिरवू लागले, तर नट फिरण्याऐवजी माणूसच फिरू लागतो. १९६६ साली अमेरिकेच्या जेमिनी अंतराळमोहिमांत यानाबाहेर काम करणाऱ्यांची यामुळे फार दमछाक झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ मोहिमेत बझ ऑल्ड्रिन यांनी पाय अडकवण्याच्या खोबण्या आणि कमरेचे पट्टे यांचा आधार घेतला, तेव्हा कुठे ते काम सुकर झाले. या अडचणीतून एक भविष्यकालीन हत्यार सहज सुचते: शेजारच्या पृष्ठभागावर स्वतःच टेकण रोवणारा आणि उलटा झटका तिकडे वळवणारा पाना. त्याला मी ‘टेकपाना’ म्हणेन. ‘टेक देणे’ हा प्रयोग मराठीत आहेच, शब्द चार अक्षरांचा आहे आणि ऐकणाऱ्याला त्याचा निम्मा अर्थ न सांगता कळतो.

दुसरी अडचण भाषेच्या दृष्टीने अधिकच रंजक आहे. न सुटणाऱ्या नटाविषयी आपण सवयीने ‘गंजून बसला’ असे म्हणतो. निर्वात पोकळीत गंज चढायला हवाच नसते. तिथे वेगळेच घडू शकते, ते असे की एकाच धातूचे दोन स्वच्छ, उघडे पृष्ठभाग एकमेकांना भिडले तर उष्णतेशिवायही सांधले जातात. म्हणजे यानाबाहेरचा नट गंजत नाही, तो ‘एकजीव होतो’. पात्रांच्या बोलीत हा प्रयोग जरूर आणावा. असे एकजीव झालेले भाग विलग करणाऱ्या हत्यारासाठी ‘उकलणे’ या क्रियापदावरून ‘उकलणी’ हा शब्द सुचवतो. ‘-णी’ हा प्रत्यय लावून मराठीने ‘लेखणी’, ‘चाळणी’, ‘टाचणी’, ‘तासणी’ अशी साधने घडवली आहेत. एक सावधगिरी मात्र हवी: हाच प्रत्यय क्रियेचीही नावे घडवतो. ‘जोडणी’, ‘तपासणी’, ‘मोजणी’, ‘जुळवणी’ ही कामे आहेत, साधने नव्हेत, त्यामुळे ‘जोडणी आण’ या वाक्याने ऐकणारा गोंधळेल. ज्या क्रियापदाचे ‘-णी’कारान्त रूप क्रियेने अजून अडवलेले नाही, तेच निवडावे. ‘उकलणी’ मोकळी आहे. किरणाने कापणाऱ्या हत्यारासाठी ‘चिरणी’ही चालेल, आणि डाग देण्याच्या (सोल्डरिंगच्या) हत्याराला ‘झाळणी’, कारण ‘झाळणे’ हे क्रियापद त्या कामासाठी मराठीत आधीच आहे.

याच ठिकाणी मराठीची एक खास सोय हाताशी येते, ती लिंगाची. ‘हातोडा’ मोठा आणि ‘हातोडी’ लहान, ‘चिमटा’ मोठा आणि ‘चिमटी’ लहान, हे कोणाला शिकवावे लागत नाही. खेळात हत्यारांच्या पायऱ्या दाखवायला ‘उकलणी, स्तर १’ आणि ‘उकलणी, स्तर २’ असे लिहिण्यापेक्षा यानाच्या कवचासाठी ‘उकलणा’ आणि नाजूक जोडांसाठी ‘उकलणी’ असे केले, तर खेळाडू नावावरूनच आकार ओळखेल.

प्रत्येक वेळी नवा शब्द घडवलाच पाहिजे असेही नाही. यंत्राच्या आतला आवाज ऐकण्यासाठी मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाशी लावतात. त्याच कामाचे भविष्यातले साधन, जे भिंतीला चिकटवले की आतल्या बेअरिंगची घरघर किंवा निसटणाऱ्या हवेची बारीक शीळ पकडेल, त्याला ‘कानोसा’ म्हणावे. या संपूर्ण यादीतला माझा सर्वांत आवडता शब्द हाच आहे. फक्त क्रियापद बदलावे लागेल: माणूस कानोसा ‘घेतो’, मेकॅनिक तो ‘लावेल’. क्रियापदाचा हा मुद्दा सगळ्याच हत्यारांना लागू आहे. पाना ‘लावतात’, रंधा ‘मारतात’, आटे ‘पाडतात’. चिरणी ‘ओढायची’ की ‘चालवायची’ हे ठरल्याशिवाय तो शब्द खेळाडूंच्या वाक्यात बसणार नाही.

जुन्या शब्दांपैकी काही निरुपयोगी होतील, तेही लक्षात असू द्यावे. उभी रेषा सरळ आहे का ते पाहण्याचा ‘ओळंबा’ आणि पातळी तपासण्याची ‘पाणसळ’ या दोहोंना गुरुत्वाकर्षण लागते, त्यामुळे वजनरहित यानात ती हत्यारे नसतील. ‘ओळंब्यात आहे’ हा वाक्प्रयोग मात्र ‘सरळ आहे’ या अर्थाने मागे राहिला, तर मला तो खराच वाटेल. याउलट एखादा गोठ्यातला शब्द वर यावा. २००८ साली अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीर हायडमरी स्टेफनिशिन-पायपर यांची हत्यारांची अख्खी पिशवी निसटून गेली होती. तिथे प्रत्येक वस्तू दोरीने बांधून ठेवावी लागते, आणि त्या दोरीला ‘दावे’ यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

राहता राहिला लेखनाचा प्रश्न. ‘टेकपाना’, ‘हातपाना’ हे सामासिक शब्द जोडूनच लिहावेत, मध्ये संयोगचिन्ह नको. ‘पाना’ हा शब्द काही जण ‘पान्हा’ असा लिहितात, पण तो आईच्या दुधाशी निगडित असलेला वेगळा शब्द आहे, म्हणून ‘पाना’च ठेवावा. त्याच्या अनेकवचनाबाबत विशेष जपावे लागेल, कारण ‘पाना’ आणि ‘पान’ या दोहोंचे अनेकवचन ‘पाने’ असेच होते. डिसेंबर २०१४ मध्ये जमिनीवरून पाठवलेल्या आराखड्यावरून अंतराळ स्थानकातल्या त्रिमितीय मुद्रकावर (थ्रीडी प्रिंटरवर) एक पाना छापला गेला. खेळातही हत्यारे अशीच छापली जाणार असतील, तर तक्त्यात ‘छापील पाने: १२’ असे लिहू नये. विभक्तिरूपे मात्र निराळी राहतात, ‘पानाने’ आणि ‘पान्याने’, म्हणून ‘छापील पान्यांची संख्या: १२’ अशी रचना केल्यास गोंधळ होणार नाही.