सनद कुणाची?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय: 'आम्ही वीसेक नागरिक मिळून महापालिकेच्या चार्टरमध्ये बदल सुचवणारा मसुदा तयार करतोय. मथळ्यात सनदेची दुरुस्ती म्हणावं की सुधारणा? आमच्यातले एकजण घटनादुरुस्तीवर अडून बसलेत.'

त्या एकाला आधी आवरा. घटना देशाची असते, नोंदणी केलेल्या गणेश मंडळाचीही असते, पण पुणे महापालिकेची नसते. ती चालते १९४९ च्या अधिनियमावर. तो पूर्वी 'मुंबई प्रांतिक' होता, आता 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम' आहे. त्यातला स्वल्पविरामसुद्धा महापालिकेला स्वतः हलवता येत नाही, ते काम विधानमंडळाचं. अमेरिकेत बऱ्याच शहरांचं स्वतःचं चार्टर असतं आणि अनेक ठिकाणी नागरिक सह्या जमवून त्यातला बदल थेट मतदानाला नेऊ शकतात. तुमचा 'चार्टर' बहुधा तिकडे सहा महिने नातवंडं सांभाळून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून आलाय.

आता सनद. मूळ अरबी, धातू स-न-द, अर्थ टेकणे. सनद म्हणजे ज्याला टेकायचं ते. मसनद म्हणजे गादी-तक्क्याची बैठक, तीही याच घरातली. सनदवाला माणूस त्या कागदाला लोडासारखा टेकून बसतो, आणि सनद गेली की मागे कलंडतो. निलंबित वकील पाहिलाय कधी?

जुन्या इनामी कागदांत शेवटी एक ठरलेली ओळ येते: 'दरसाल ताजे सनदेचा उजूर न करणे.' उजूर म्हणजे हरकत. दरवर्षी नवी सनद आण म्हणून इनामदाराला अडवू नका, अशी अंमलदाराला ताकीद. पुढे आणखी गोड: 'तालीक लिहून घेऊन असल परतोन दीजे.' नक्कल उतरवून घ्या, मूळ कागद परत द्या! गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या खिडकीवर माझ्याकडे एकाच दाखल्याची 'ताजी' प्रत तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा ही ओळ मी मोठ्यानं म्हणून दाखवली. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'झेरॉक्स आणलीय का?'

त्याच खिडकीशेजारी फलक होता, 'नागरिकांची सनद', म्हणजे कुठलं काम किती दिवसांत करून देऊ याची कार्यालयानं दिलेली यादी. हा प्रयोग ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडते. 'पेशव्यांची सनद' म्हणजे पेशव्यांनी दिलेली. मग नागरिकांची म्हणजे नागरिकांनी दिलेली, नाही का? एका भाषातज्ज्ञांनी मला सुनावलं की 'वकिलाची सनद' म्हणतोच आपण, षष्ठी दोन्हीकडे चालते. चालते हो, पण वकिलाला सनद कोण देतं ते ठाऊक असतं म्हणून चालते. फलकावर तसं काही कळत नाही. सनदेला याच गृहस्थांचा पर्याय 'अधिकारलेख'. सावरकरांचा 'महापौर' मी बिनतक्रार वापरतो, तेव्हा मला भाषाशुद्धीचं वावडं आहे असं कुणी समजू नये. पण अधिकारलेखाला टेकून बसून दाखवा.

खरी नागरिकांची सनद पुण्यात एकदा निघाली होती. १८७० साली, पर्वती संस्थानाच्या, म्हणजे तिथल्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलच्या नाराजीतून 'सार्वजनिक सभा' ही संस्था उभी राहिली, तेव्हा सभासद व्हायचं तर लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सनद खालून वर गेली! पुढे पुण्याच्या राजकारणात 'सनदशीर' हा शब्द इतका चालला, त्याचं बीज मला तरी या मुखत्यारपत्रांत दिसतं. कोशकार हसतील, हसू देत. कायदेशीर आणि सनदशीर यांना ते एकाच ओळीत बसवतात. माझ्या कानाला कायदेशीर म्हणजे नियमात बसणारं, आणि सनदशीर म्हणजे ज्याच्या पाठीशी कुणीतरी आहे असं. तुमच्या वीसजणांच्या पाठीशी किती सह्या आहेत, ते कळवलं नाहीत.

दुरुस्ती की सुधारणा, ते राहिलंच. विधेयकांच्या नावात कंसात 'सुधारणा' छापतात. मला ते खटकतं, कारण बदल व्हायच्या आधीच त्याला शाबासकी मिळून जाते. मथळा असा करा: 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दुरुस्तीसाठी नागरिकांच्या सूचना'. आणि सनद हा शब्द त्यातून काढा.