फोन ५० मेगापिक्सेलचा, मग फोटो १२ चाच का?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक ताई): दिवाळीत नवीन फोन घेतला, दुकानात ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून सांगितलं, घरी येऊन फोटोची माहिती उघडली तर १२ मेगापिक्सेल! भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन ५० करून दिलं, तर आता फोटो निघायला वेळ लागतो, नात जरा हलली की पुसट येतो, आणि मेमरी फुल झाल्याचा मेसेज सारखा येतोय. पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे, अल्बम करायचाय आणि हॉलमध्ये एक मोठी फ्रेम लावायचीय. नेमकं कशावर ठेवू?

उत्तर: ताई, आधी मनातली शंका काढून टाका, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ५० मेगापिक्सेल म्हणजे ५ कोटी ठिपके खरोखर असतात, पण एकेक ठिपका साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, त्यात उजेड मावणार तो किती? म्हणून फोन शेजारचे चार ठिपके एकत्र करून त्यांचा एक करतो, याला पिक्सेल बिनिंग म्हणतात, आणि ५० भागिले ४ म्हणजे साडेबारा, तोच तुमचा १२ मेगापिक्सेलचा फोटो. पावसात पागोळीखाली चार वाट्या ठेवल्या आणि चारही एका पातेल्यात ओतल्या, तसं. उजेड चौपट गोळा होतो, त्यामुळे संध्याकाळी किंवा घरातल्या ट्यूबलाइटमध्ये फोटोत दाणे कमी दिसतात.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही. हे चार ठिपके सहसा एकाच रंगाच्या फिल्टरखाली असतात, म्हणून ५० वर फोटो काढला की कुठल्या ठिपक्याला कुठला रंग द्यायचा याचा हिशोब फोनला नव्याने करावा लागतो. वेळ लागतो तो त्यामुळेच, आणि तेवढ्यात नात पळालेली असते. बऱ्याच फोनमध्ये या मोडला नाइट मोड किंवा झूमही नीट चालत नाही.

मेमरीचं गणित सांगतो. १२ चा फोटो साधारण ४ एमबी धरा, ५० चा १५ एमबी. हजार फोटो काढले तर एकीकडे ४ जीबी, दुसरीकडे १५ जीबी, आणि लग्नघरात हजार फोटो म्हणजे हळदीपर्यंतच होतात!

आता अल्बम. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे ४×६ च्या फोटोला १२०० × १८०० लागतात, जेमतेम २२ लाख, आणि १२ मेगापिक्सेलमध्ये तर १ कोटी २० लाख असतात. हॉलमधली फ्रेम १२×१८ इंची केलीत तरी इंचाला २२० च्या आसपास ठिपके मिळतात आणि ती भिंतीवर चार-पाच फुटांवरून बघायची असते, छान दिसेल, निर्धास्त रहा. तेव्हा लग्नात १२ वरच ठेवा.

फक्त सेटिंगमध्ये फोटोचा आकार ४:३ आहे ना ते बघा. स्क्रीनभर फोटो दिसतो म्हणून खूप जण १६:९ किंवा फुल ठेवतात, पण त्यात सेन्सरच्या कडेची पट्टी कापली जाते, आणि ग्रुप फोटोत मागच्या ओळीतल्या उंच काकांचं डोकं जातं ते तिथेच. हे नंतर परत आणता येत नाही, म्हणून जीव तोडून सांगतोय.

मग ५० कधी वापरायचं? वस्तू हलत नसेल, उजेड भरपूर असेल आणि बारीक तपशील हवा असेल तेव्हा. मागच्या मे महिन्यात गावी माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची ओव्यांची वही सापडली, शाई फिकी, कडा वाळवीने खाल्लेल्या. दुपारी ओसरीवर, थेट ऊन येत नाही अशा जागी वही उघडी ठेवली, कोपर गुडघ्यांवर टेकवले आणि एकेक पान ५० वर काढलं. रात्री झूम करून बघतो तर आजीने आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवलेलं, ळ च्या गाठीत शाई साचलेली, आणि एका ओळीत शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला. हातात वही असताना मला यातलं काहीच दिसलं नव्हतं, बराच वेळ त्या एकाच पानावर होतो. तेच पान संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दोन्ही सेटिंगवर काढून पाहिलं, तर ५० च्या फोटोत नुसते दाणे आणि १२ चा जास्त स्वच्छ. घरात जुनी पत्रं, वह्या, कुंडल्या असतील तर दिवसाच्या उजेडात एकदा ५० वर काढून ठेवाच.

प्रश्न (गोंदियाहून एक वाचक): पुतण्याने साखरपुड्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, प्रिंटला दिले तर मोठे केल्यावर फुटतील म्हणाले. फोन तर भारी आहे त्याचा.

उत्तर: फोनचा दोष नाही, पाठवताना फोटो बारीक झालेत. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते, ८×१२ ला इंचाला १३३ ठिपके, मग फुटणारच. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, बरा आहे, पण तोही थोडं दाबतोच. प्रिंटसाठी हवे असतील तर फाइल जोडायच्या पेपरक्लिपच्या चिन्हावर टॅप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फाइल जशीच्या तशी येते, नाहीतर ड्राइव्हवर टाकून लिंक मागा. आणि पुतण्याला आजच फोन करा, मेमरी भरली म्हणून त्याने मूळ फोटो उडवायच्या आत.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, लातूर): भरतीच्या ऑनलाइन फॉर्मला ५० केबीच्या आतला फोटो लागतो म्हणून कॅमेऱ्याचं रिझोल्युशन सगळ्यात कमी करून ठेवलंय, चालेल ना?

उत्तर: नाही ग, तसं नको करूस. कॅमेरा आत्ताच परत १२ वर घे. फोटो मोठाच काढायचा, त्याची कॉपी करायची आणि फॉर्मसाठी ती कॉपी लहान करायची. मोठ्याचा लहान कधीही होतो, पण लहान काढलेल्या फोटोत जे टिपलंच गेलं नाही ते कुठल्याही अॅपने खरंखुरं परत येत नाही. सेटिंग बदललंस त्या दिवसापासून मैत्रिणींचे, घरचे जे फोटो काढलेस तेही सगळे लहानच निघाले असणार, एकदा गॅलरीत जाऊन बघ, ज्यांचे पुन्हा काढता येतील त्यांचे काढून घे.