निकाल कोर्टाचा, तक्रार काउन्सिलची

“ताई, ऑम्बड्समनपर्यंत गेलो. तिथूनही नकारच आला. म्हणजे मीच खोटा ठरलो ना?”

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. ऑम्बड्समन म्हणजे सरकारी कारभाराबद्दलच्या तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी. विचारणारे बहुतेक जण विभक्त झालेले आईबाप असतात. म्हणून समीरची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत.

समीर पहिल्या दिवशी जाडजूड फाइल घेऊन आला. सहा वर्षांची इरा आईकडे राहत होती. त्याला पंधरवड्यातून एकदा, काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, देखरेखीखाली भेट मिळायची. सोशल वर्करने कोर्टाला दिलेला अहवाल एकतर्फी आहे, ही त्याची मुख्य तक्रार. ऑम्बड्समनने कळवलं होतं की याची चौकशी करता येणार नाही.

“तुम्ही खोटे, असं या पत्रात कुठे लिहिलंय?” मी विचारलं. त्याने ते दोनदा वाचलं. तसं कुठेच नव्हतं.

काउन्सिलच्या कारभाराची तक्रार पाहणारा हा ऑम्बड्समन १९७४च्या कायद्याने बांधलेला आहे. कोर्टात जे घडलं त्यात त्याला शिरता येत नाही, आणि कोर्टाने मागवलेला अहवाल त्यातच मोडतो. तो चूक वाटला तर कोर्टातच, वकिलामार्फत खोडायचा. मूल कुणाकडे राहील, कधी भेटेल, हेही ऑम्बड्समन बदलू शकत नाही. नकार अधिकाराच्या हद्दीमुळे आला होता, समीरच्या खरेखोटेपणाचा त्यात निवाडा नव्हता. हे त्याच्या गळी उतरायला तीन भेटी गेल्या.

चौथ्या भेटीत त्याने फाइलमधलं एक पान काढलं. ‘सकाळी १०.१२. वर्करने इराला १२ मिनिटं उशिरा आणलं.’

“आल्यावर इरा पहिलं काय म्हणाली?”

तो पानं उलटत राहिला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी गप्प बसले. एरवी बोलून जागा भरायचा मोह होतो, त्या दिवशी आवरला.

“लिहिलं नाहीये,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, फाइल मिटून, “बूट काढून दे म्हणाली. नाडीची गाठ बसली होती.” आणि रडायला लागला.

माझ्या कामाचा पाया मूल आणि पालक यांच्यातली ओढ हा आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. न्यायाच्या लढाईत बापाचं सगळं लक्ष वर्करच्या घड्याळाकडे गेलं होतं. इरा मात्र त्याच्यासमोर पाय पुढे करून बसली होती. हा धागा वेळेवर हाती लागला याचं मला आजही समाधान आहे.

त्यानंतर आम्ही फाइलचे दोन गठ्ठे केले. कोर्टाचं ते वकिलाकडे. काउन्सिलच्या स्वतःच्या वागण्याचं वेगळं: न सांगता रद्द केलेल्या दोन भेटी, चार महिने उत्तर न आलेली पत्रं. अशी तक्रार आधी काउन्सिलकडेच करावी लागते. तिथे समाधान झालं नाही तर ऑम्बड्समनकडे, तेही साधारणपणे गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसलात तर ही मुदत निघून जाऊ शकते, म्हणून तारखा लिहून ठेवा. ऑम्बड्समनला पैसे द्यावे लागत नाहीत. चूक आढळली तर तो माफी, भरपाई किंवा कामकाजात सुधारणा सुचवतो. काफकास, म्हणजे कौटुंबिक कोर्टाला मुलांविषयी सल्ला देणारी संस्था, तिच्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार असेल तर वाट निराळी: आधी काफकासकडे, मग खासदारामार्फत संसदीय ऑम्बड्समनकडे.

आणि तक्रार दीड पानात लिहा. काय घडलं, कधी, त्यामुळे मुलाचं काय झालं, तुम्हाला काय हवंय. समोरच्या वर्करच्या स्वभावावर एक ओळही नको.

समीरला काउन्सिलकडूनच लेखी माफी आली आणि रद्द झालेल्या दोन्ही भेटी भरून मिळाल्या. कोर्टाचा आदेश आहे तसाच आहे, वकिलाने बदलासाठी अर्ज केला आहे. मागच्या आठवड्यात तो इराला वेल्क्रोचे बूट घेऊन गेला होता. तिला नाडीचेच हवे होते, आता गाठ मारायला ती त्याच्याकडून शिकते आहे.